‘सासूबाईंचं करते’ म्हणजे नक्की काय काय करते?

आधी पत्र, थोडं कापून देतेय.

‘मावशी, मी ५१ वर्षांची, नाशिकला असते. सासूबाई ७९. चार वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं. मी घरी शिकवण्या घ्यायचे, त्या दोन वर्षांपूर्वी बंद केल्या कारण मुलं आली की सासूबाई घाबरायच्या. मिस्टर सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. नणंद पुण्यात, दीर बंगलोरला, दोघंही फोनवर चौकशी करतात. सासूबाई रात्री तीनतीनदा उठतात, संध्याकाळी “मला घरी जायचंय” म्हणून दाराशी बसतात, शेजाऱ्यांना सांगतात की सून जेवायला देत नाही. गेल्या मंगळवारी त्यांनी ताट भिरकावलं आणि मी त्यांच्या हातावर जोरात फटका मारला. लहान मुलासारख्या रडल्या. दहा मिनिटांत विसरल्या पण, मी नाही विसरले. कुणाला सांगितलेलं नाही. कधीकधी वाटतं हे कधी संपणार, मग स्वतःचीच किळस येते. सगळे म्हणतात स्वतःसाठी वेळ काढ, योगा कर. कुठून काढू वेळ? – एक थकलेली सून’

अगं, तू मावशी म्हणालीस त्यामुळे अगं-तुगं करतेय, चालवून घे.

आधी फटक्याचं बोलूया, कारण तुझं अख्खं पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलंय हे मला कळलंय. ‘जाऊ दे गं, होतं असं’ असं मी म्हणणार नाहीये. व्हायला नको होतं, परत होता कामा नये, आणि तुलाही ते माहितीये म्हणून तर झोप उडालीये. पण तू राक्षसीण आहेस असंही नाही. माझ्या आईचं मी सहा वर्षं केलं, तिलाही हाच आजार. एकदा गोळी घेईना, तोंड घट्ट मिटून बसली, मी बोटांनी जबडा उघडून कोंबली गोळी. हिरडीतनं रक्त आलं तिच्या. तेरा वर्षं झाली त्याला, अजून गोळ्यांचं पाकीट फोडताना तो आवाज आला की मला ते आठवतं. त्या दिवशी मी सलग किती रात्री झोपले नव्हते ते मी नंतर मोजलं, नऊ. हे कारण म्हणून सांगत नाहीये, पण कुकरची शिट्टी अडकली तर वाफ कुठून तरी बाहेर येणारच, आणि ती जो सगळ्यात जवळ उभा असेल त्याच्याच अंगावर येते.

तर एक गोष्ट आजपासून. हात उचलावासा वाटला, किंवा आवाज चढतोय असं वाटलं की गॅस बंद करायचा, त्यांच्या हाताशी चाकू, गरम पातेलं, काहीही नाही ना बघायचं, आणि दुसऱ्या खोलीत नाहीतर बाल्कनीत निघून जायचं. पाच मिनिटं. ताट भिरकावलं, भात सांडला, सांडू दे. भात काही पळून जात नाही. त्या पाच मिनिटांत त्या उपाशी मरत नाहीत आणि तू वाईट सून होत नाहीस. आणि ही फटक्याची गोष्ट नवऱ्याला सांग. रडून किंवा माफी मागून नाही, सरळ सांग की असं झालं, परत होईल अशी मला भीती वाटते, कारण मी एकटी पुरत नाहीये. हे वाक्य त्यांनी ऐकणं फार गरजेचं आहे.

‘हे कधी संपणार’ याबद्दल. स्टीव्हन झारिट म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८० च्या सुमारास अशाच घरच्या माणसांसाठी एक प्रश्नावली बनवली, आज जगभर वापरतात, आत्ताच्या रूपात २२ प्रश्न आहेत. त्यात काय काय विचारलंय माहितीये? या माणसाजवळ असताना तुम्हाला राग येतो का. यांचं करायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवून टाकावंसं वाटतं का. म्हणजे बघ, जी गोष्ट तू किळस म्हणून पोटात दाबून ठेवलीयेस ती इतक्या लोकांना वाटते की तिचा छापील प्रश्न झालाय, पर्याय टिक करायचे. आपल्याकडे २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के जणांना डिमेन्शिया असल्याचं निघालं, साधारण ८८ लाख माणसं. त्यातल्या बहुतेकांच्या मागे घरात कुणीतरी एक बाई उभी असणार, आणि तिनेही कधी ना कधी सिंकपाशी उभं राहून हेच म्हटलं असणार.

आणि एक गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस. सासूबाई आधी कशा होत्या? मी आईचं केलं, माझ्यापाशी शिल्लक होती, लहानपणी तापात रात्रभर मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्यात तिनं माझ्या कपाळावर. सुनेकडे कधीकधी वेगळीच शिल्लक असते. पहिल्या दिवाळीला काय बोलल्या, बाळंतपणात काय बोलल्या, माहेरच्यांचा कसा अपमान केला. तुझं तसं असेल-नसेल मला माहीत नाही, पण असेल तर लक्षात घे की त्या सगळं विसरल्यात आणि तू काहीच विसरलेली नाहीस, आणि भांडायला आता समोर कुणी उरलेलंच नाहीये. असा राग जिरत नाही, तो ताटाच्या निमित्ताने बाहेर येतो. बहीण असेल, जुनी मैत्रीण असेल, तिच्यापाशी बोलून घे एकदा सगळं. कुणीच नसेल तर टेलीमानसला फोन कर, १४४१६, सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, रात्री-बेरात्री कधीही, आणि मराठीत बोलतात. रात्री तीनला सासूबाई उठवतात ना, तेव्हासुद्धा लागतो तो नंबर. आणि कधी मनात स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार आले तर मग थांबायचंच नाही, लगेच हा फोन आणि लगेच नवऱ्याला उठवायचं.

आता वेळेचं. ‘स्वतःसाठी वेळ काढ’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. वेळ काय डब्यात ठेवलाय वरच्या फळीवर, स्टूल घेऊन काढायला? जी बाई पहाटे पाचपासून उभी आहे तिला वर योगा पण कर सांगायचं, म्हणजे कामाच्या यादीत अजून एक काम, आणि ते झालं नाही की त्याचंही वाईट वाटून घ्यायचं. थकलेल्या माणसाच्या दिवसात काही घालायचं नसतं, काढायचं असतं. आणि काढलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसात जायला हवं, नाहीतर ते फिरून तुझ्याकडेच येतं.

आपल्या भाषेत गंमत बघ. आपण ‘करणं’ म्हणतो, नुसतं. ‘ती सासूचं करते.’ काय करते? कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही. म्हणून आधी हे ‘करणं’ कागदावर उतरव. एक आठवडा एका वहीत लिही, किती वाजता काय. ५.४० ओली चादर बदलली. ६ ला कमोडवर बसवलं, वीस मिनिटं. ७.३० गोळ्या, दोनदा थुंकल्या. ११ ला आंघोळीवरून भांडण. रात्री १.१५, २.५०, ४.१० ला उठल्या. सुंदर अक्षरात नको, भावना नकोत, फक्त वेळ आणि काम. आठव्या दिवशी बेरीज कर. मी केली होती तेव्हा आठवड्याचे ९४ तास निघाले होते, आणि मला तोपर्यंत वाटत होतं की मी आळशी झालेय म्हणून घर आवरत नाहीये.

मग ती वही घेऊन ती तिघं भावंडं आणि तू, असा एकच व्हिडिओ कॉल. फोनवर वेगवेगळं नाही, वेगवेगळं बोललं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. नवऱ्याला बोलायला लाव, त्यांची आई आहे, तू फक्त वही वाच. नणंदेला ‘जरा लक्ष दे गं’ म्हणू नकोस, त्याला ती ‘हो हो’ म्हणणार आणि ड्रायफ्रूट पाठवणार. नेमकं माग. ‘ताई, दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार तुम्ही नाशिकला यायचं, शुक्रवारी रात्री मी निघणार, रविवारी संध्याकाळी परत.’ ‘भाऊजी, तुम्हाला येता येत नाही हे कळतं, मग दिवसाच्या बाईचा अर्धा पगार तुमचा, पाच तारखेला.’ अवघड वाटेल तोंडातून काढायला, पण एकदा काढून बघ.

इथे एक चूक बरेच जण करतात म्हणून सांगते. ‘महिनाभर आईला पुण्याला ने’ असं करू नकोस. डिमेन्शियाच्या माणसाला जागा बदलली की जास्त गोंधळ होतो, बाथरूम सापडत नाही, रात्री पडतात, आणि आठ दिवसांत नणंद रडत परत आणून सोडते, वर म्हणते ‘तुझ्याशिवाय राहतच नाहीत गं त्या’. झालं, पुढची पाच वर्षं तेच वाक्य. त्यामुळे सासूबाई जागेवर, तूच घराबाहेर जायचं. आणि गेलीस की दर तासाला फोन करायचा नाही. नणंद मऊ भाताऐवजी उपमा देईल, साडीऐवजी गाऊनवर ठेवेल, डायपर उलटा लावेल, लावू दे. आपण पण पहिल्यांदा उलटाच लावला होता.

कायद्याचं एक मजेशीर सांगते, भांडायला वापरू नकोस पण माहीत असू दे. आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे ना, त्यात जबाबदार कोण, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. मुलगीसुद्धा आहे त्यात, लग्न झालेली असो-नसो. आणि सून? सून नाहीये. २०१९ मध्ये सून-जावयांना घालायचं विधेयक आलं होतं, ते मंजूर झालं नाही. म्हणजे जी सगळं करते तिचं कागदावर नावच नाही, आणि ज्यांची नावं आहेत ते फोनवर चौकशी करतात.

बाईचं. दिवसाची बाई ठेव, पूर्ण बारा तास परवडत नसेल तर सकाळचे चार तास तरी. ब्युरोतून घे किंवा ओळखीतून, पण आधार कार्डची कॉपी घ्यायची, पोलीस व्हेरिफिकेशन करायचं, आणि सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या, गळ्यातलं आधी काढून ठेवायचं, बाईवर संशय म्हणून नाही, उद्या त्यांनीच कुठे ठेवलं आणि विसरल्या तर त्या गरीब बाईवर बालंट नको म्हणून. पहिले दोन-तीन दिवस सासूबाई तिला हाकलून देतील. ‘ही तुमचं करायला आलीये’ असं सांगायचंच नाही, ‘ही माझी मैत्रीण, मला मदतीला येते’ सांग. माझ्या आईनं असल्या मैत्रिणीला चहा करून घालायचा हुकूम मला सोडला होता. आणि पैशांचं, डिमेन्शियासाठी टॅक्समध्ये वजावट मिळते, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंतच्या उपचाराच्या खर्चावर, पण जुन्या टॅक्स पद्धतीत असाल आणि तज्ज्ञ डॉक्टरांचं ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट असेल तरच, मिस्टरांना म्हणावं सीएला ‘८०डीडीबी’ एवढं विचारा. वाचलेला टॅक्स बाईच्या पगारात घालायचा, नवीन टीव्हीत नाही.

आता थोडं कामच कमी करू. रोज डोक्यावरून आंघोळ कशासाठी? आपल्याकडे आंघोळ झाल्याशिवाय देवापुढे दिवा नाही, जेवण नाही, मला माहितीये, मीही त्यातच वाढलेय. पण पाण्याची भीती बसलेल्या म्हातारीला रोज खेचत मोरीत नेणं म्हणजे रोजचं युद्ध. आठवड्यातून दोनदा आंघोळ, बाकी दिवस कोमट पाण्याने अंग पुसून घे, काखा, मांड्या, स्तनांच्या खाली नीट कोरडं कर, झालं. माझ्या आईला मी स्टूलवर बसवून नळाऐवजी लोटीने पायापासून पाणी घालायचे आणि रामरक्षा म्हणायचे, तिला शब्दन् शब्द पाठ होती, माझं नाव मात्र आठवत नव्हतं.

संध्याकाळचं ‘घरी जायचंय’ हे या आजारात फार जणांचं होतं, दिवेलागणीला गोंधळ वाढतो. ‘अहो हेच तुमचं घर’ हे तू हजारदा सांगितलं असशील, उपयोग नाही, त्यांना जे घर हवंय ते बहुतेक माहेर असतं, परकर-पोलक्यातलं. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लाव, दुपारची झोप अर्ध्या तासावर आण, चारनंतर चहा बंद, आणि दाराशी बसल्या की ‘हो निघूया, आधी एवढ्या शेंगा निवडून देता का’ म्हणायचं. हातात काम आलं की घर विसरतं. खोटं बोलतेय असं वाटून घेऊ नकोस. दाराची कडी त्यांच्या नजरेच्या वर बसव, आणि गळ्यात किंवा गाऊनला फोन नंबर शिवून ठेव. सकाळी कोवळ्या उन्हात वीस मिनिटं चालवलं तर रात्रीही थोडी बरी जाते, थोडीच, चमत्काराची अपेक्षा ठेवू नकोस.

एक मात्र लक्षात ठेव, एक-दोन दिवसांत एकदम बिघडल्या, खूप बडबड किंवा एकदम गप्प, तर तो आजार वाढला असं गृहीत धरायचं नाही. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, चार दिवस पोट साफ नसणं, यानेसुद्धा होतं, डॉक्टरांना दाखवायचं. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने झोपेची गोळी नको, त्या गुंगीत म्हातारी माणसं पडतात, मग मोडलेल्या खुब्याचं पण तूच करणार.

शेजाऱ्यांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. सून जेवायला देत नाही, सुनेनं पैसे चोरले, हे आरोप या आजाराची खूणच आहेत, जेवलेलं आठवत नाही, ठेवलेलं सापडत नाही, मग जवळच्यावर येतं. शेजारणीला एकदा घरी बोलाव, जेवायच्या वेळेला. सासूबाई तिच्यासमोर दोन पोळ्या खातील आणि ताट उचलायच्या आत तिला सांगतील की सकाळपासून पोटात काही नाही. तुला काहीच बोलावं लागणार नाही.

तुझ्या तब्येतीचं एकही वाक्य पत्रात नव्हतं. ५१ म्हणजे पाळीचे दिवस संपत आलेले किंवा संपलेले, तसंही झोप कमी, अंगातून वाफा, त्यात ही जागरणं. पुढच्या वेळी सासूबाईंच्या रिपोर्टला जाशील तेव्हा तुझंही बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड त्याच लॅबमध्ये करून घे, वेगळी फेरी नको. उठवताना काखेत हात घालून ओढू नकोस, तुझी कंबर जाईल आणि त्यांचा खांदा. खुर्चीच्या कडेवर आणायचं, पाय मागे घ्यायला लावायचे, आपण गुडघ्यात वाकायचं, ‘एक दोन तीन’ म्हणून पुढे झुकवत उठवायचं. आणि रात्र वाटून घ्या. मिस्टरांची ज्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असते त्यात पहाटेपर्यंतचं त्यांचं, नाहीतर सुट्टीच्या आदल्या रात्री तरी. त्या रात्री तू दुसऱ्या खोलीत, दार लावून. ‘आई मला दाद देत नाही’ म्हणतील ते. तुला तरी कुठे देते.

मुंबई-पुण्याकडच्या वाचकांसाठी, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच आजाराचं काम करते, मुंबईत शाखा आहे, घरच्या लोकांना मार्गदर्शन मिळतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

शिकवण्यांचं शेवटी लिहितेय पण ते मला फटक्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. मुलं घरी यायला नको असतील तर तू मुलांकडे जा. सोसायटीत कुणाची तरी रिकामी खोली असेल, आठवड्यातून तीन दिवस, बाई असते त्या चार तासांतला एक. कमाई किती ते सोड, पण त्या एका तासात तुला कुणीतरी ‘टीचर’ म्हणेल आणि विचारलेला प्रश्न दुसऱ्यांदा विचारणार नाही. बरं, विचारलाच तर निदान तो वेगळा मुलगा असेल.

वही नवीन आणू नकोस, कुठल्या तरी विद्यार्थ्याची अर्धी राहिलेली पडली असेल घरात, तिचीच मागची पानं घे आणि आज रात्री पहिल्यांदा उठवलं की वेळ लिहून टाक. नणंद काय म्हणाली ते मला कळव.